विचारा बिनधास्त: घरात सेंट्रल व्हॅक्यूम बसवायचंय, काय काय बघावं?

मागच्या अंकात घरातल्या धुळीबद्दल लिहिताना मी एका ओळीत सेंट्रल व्हॅक्यूमचं नाव घेतलं होतं, म्हणजे मशीन एका कोपऱ्यात, भिंतीतून पाईप आणि प्रत्येक खोलीजवळ नळी जोडायला एक तोंड. तेवढ्यावरच इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. बऱ्याच जणांचं बांधकाम चालू आहे आणि त्यांना लगेच उत्तर पाहिजे, म्हणून त्यांचं आधी.

प्रश्न: नमस्कार भाऊ. आमचं घर बांधणं चालू आहे, खालीवर मिळून 2200 स्क्वेअर फूट होईल. वीटकाम संपत आलंय, आता प्लंबर आणि लाईटवाला दोघं मागं लागलेत की काय काय टाकायचं ते एकदाच सांगा. सासूबाईंना दमा आहे, घर झाडायला घेतलं की त्यांना वट्ट्यावर नेऊन बसवावं लागतं. मला सेंट्रल व्हॅक्यूम पाहिजे पण मिस्टर म्हणायलेत की हे सगळं फॅड आहे, आणि प्लंबर म्हणतो पाईपाचं काय एवढं, शेतातला 63 मिलिमीटरचा टाकून देतो, स्वस्तात होईल. काय करावं? (वाचक भगिनी, लातूर)

ताई, तुमचा प्रश्न अगदी वेळेवर आला. गिलावा झाल्यावर विचारलं असतं तर मी सरळ नको म्हणालो असतो.

मिस्टरांचं म्हणणं अर्ध बरोबर आहे, ते आधी मान्य करतो. ही मशीन ज्या देशात वाढली, अमेरिका, कॅनडा, तिकडं घरभर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असतं आणि ते झाडून निघत नाही. आपल्याकडं शहाबादी, कोटा नाहीतर विट्रिफाईड टाईल्स, त्या केरसुणीनं झाडल्या आणि ओल्या फडक्यानं पुसल्या की काम झालं. म्हणजे केर काढण्यासाठी ह्या मशीनवाचून आपलं काहीच अडत नाही. अडतं ते बारीक धुळीपाशी. आपल्या काळ्या मातीचा फुफाटा एप्रिल-मेमध्ये खिडकी बंद असली तरी आत येतो, आणि ऑक्टोबरात सोयाबीनच्या राशी निघायला लागल्या की मळणीयंत्राचा भुसा आणि धूळ गावावर कशी तरंगत असते ते तुम्हाला मी काय सांगू. केरसुणी ही बारीक धूळ उचलत नाही, उडवते, मग ती तासाभरानं परत टीव्हीवर, गादीवर आणि सासूबाईंच्या छातीत. साधा हातातला व्हॅक्यूम धूळ ओढतो खरा पण मागच्या बाजूनं हवा त्याच खोलीत सोडतो, त्याचा फिल्टर चांगला असला तर ठीक, नसला तर सगळ्यात बारीक कण परत तुमच्याच खोलीत. सेंट्रलमध्ये मशीन घराच्या बाहेरच्या बाजूला असतं आणि तिची हवा पाईपानं थेट बाहेर सोडता येते, हा एकच फायदा माझ्या मते खरा मोठा आहे, बाकी आवाज कमी येतो, मशीन ओढत फिरावं लागत नाही वगैरे सगळं नंतरचं. दम्याची औषधं डॉक्टर सांगतील तशीच चालू ठेवा, मशीन आली म्हणून पंप बंद असं करू नका.

आणि पाण्याचं पण बघा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं तुमचं शहर, तिथं फरशी आधी कोरडी ओढून घेतली तर पुसायला एक बादली पुरते, नाहीतर धूळ आणि पाणी मिळून जो चिखल फिरतो तो काढायला तीन तीन बादल्या जातात.

आता प्लंबरचं. ताई, 63 चा पाईप अजिबात टाकू देऊ नका. पाईप मोठा म्हणजे चांगला असं पाण्याच्या बाबतीत असेल, इथं धूळ हवेच्या वेगावर उडत जाते. व्हॅक्यूमचा पाईप बाहेरून 2 इंची असतो, त्यातून मिनिटाला 100 घनफूट हवा ओढली तर वेग सेकंदाला साधारण 25 मीटर पडतो, तीच हवा शेतातल्या 63 च्या पाईपातून ओढली तर वेग 16-17 वर येतो आणि मग खड्यासारखं जड काही उभ्या पाईपात नीट वर चढत नाही, बुडाशी साचतं. दुसरं असं की पाण्याच्या फिटिंगला आतून काठ राहतो, पाण्याला त्याचं काही वाटत नाही पण बायकांचे लांब केस तिथंच अडकतात आणि केसाला मग भुसा, कापूस असा गोळा धरत जातो. व्हॅक्यूमची फिटिंग आतून सपाट असते. सोल्युशन लावायचं ते पण पाईपाच्या बाहेरच्या अंगाला, फिटिंगच्या आत लावलं की पाईप ढकलताना ते पुढं सरकतं आणि आत वाळून खरखरीत गाठ होते. प्लंबर चांगला असला तरी हे त्याला सांगावं लागतं, कारण त्याचा हात पाण्याच्या सवयीचा आहे.

वळणं सगळी लांब घेराची घ्यायची, एकच जागा सोडून. भिंतीतल्या तोंडाच्या अगदी मागं मात्र मुद्दाम आखूड एल्बो बसवतात, म्हणजे पेन्सिल, चमच्याचा दांडा असं काही आत गेलं तर ते तिथंच अडतं आणि हातानं काढता येतं. हे मी अनुभवानं सांगतोय. माझ्या घरी बसवणाऱ्यानं बरोबर उलटं केलं, तोंडामागं लांब वळण आणि पुढं छताजवळ आखूड, पोराचा पायमोजा ओढला गेला आणि नेमका छताजवळ जाऊन बसला, रंग दिलेली भिंत दोन ठिकाणी फोडली तेव्हा तो निघाला. म्हणून गिलावा करायच्या आधी स्वतः उभं राहून एकेक वळण बघा, मोबाईलवर फोटो काढा, फोटोत मोजपट्टी भिंतीला लावलेली दिसली पाहिजे, पुढं खिळा मारताना तोच फोटो कामाला येतो.

पाईप कुठून न्यायचा हे तुमच्या इंजिनियरला विचारल्याशिवाय ठरवू नका. ठोकताळा असा आहे की पाईपासाठी भिंतीत खोदलेली उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा खोल नको आणि आडवी तर सहाव्या हिश्शापेक्षा नको. म्हणजे 9 इंची भिंतीत उभा पाईप बसतो, आडवा बसतच नाही. साडेचार इंची पार्टिशनमध्ये तर उभा पण नको, भिंतीला तडा जाईल. मग आडवा पाईप फॉल्स सीलिंगच्या वरून, नाहीतर वॉर्डरोबच्या मागून, नाहीतर फरशीखालच्या भरावातून न्यायचा आणि तोंडं शक्यतो 9 इंची भिंतीला किंवा कपाटाच्या कडेला काढायची. आणि बीम, कॉलम याला ग्राइंडर लावू द्यायचा नाही म्हणजे नाही. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट लातूर आणि धाराशिवच्या माणसाला कुणी सांगायची गरज नाही, पण बांधकामावर काम करणारी पोरं त्यानंतर जन्मलेली आहेत, त्यांना सांगावं लागतं. स्लॅब पडायच्या आधी लक्षात आलं असतं तर इंजिनियरला विचारून स्लीव्ह, म्हणजे पाईप जायला भोक राखणारा नळकांड्याचा तुकडा, टाकून ठेवता आली असती, आता वर-खाली जायला शाफ्ट किंवा जिन्याचा कोपरा शोधा.

तोंडं किती? 600 ते 800 स्क्वेअर फुटाला एक असं धरतात, तुमच्या घराला चार पुरतील. पण हिशोबावर जाऊ नका, नळी साधारण 30 फुटी येते तर 30 फुटी सुतळी घ्या, जिथं तोंड काढायचंय तिथं एक टोक धरून उभं रहा आणि दुसरं टोक घेऊन कुणाला तरी पलंगाला वळसा घालून, दारातून, कोपऱ्यापर्यंत चालायला लावा, भिंतीच्या वरच्या जाळ्यापर्यंत हात पुरला पाहिजे. सुतळी जिथं संपते तिथं पुढचं तोंड. तोंड दाराच्या पाठीमागं येऊ देऊ नका. स्वयंपाकघरात ओट्याखाली पायानं उघडायची एक चपटी फट मिळते, नुसता केर तिथपर्यंत लोटायचा, ती मात्र जरूर घ्या, घरात सगळ्यात जास्त वापर तिचाच होतो.

एक शेवटचं. आज पैसे कमी पडत असतील तर पाईप, तोंडं आणि सोबतची बारीक वायर एवढंच टाकून ठेवा, तोंडं झाकून ठेवा आणि मशीन दोन वर्षांनी घ्या. मशीन कधी पण बदलता येते. भिंतीतला पाईप एकदाच. त्यामुळं पैसे वाचवायचे तर मशीनमध्ये वाचवा, पाईपात नको.

प्रश्न: डीलरनं तीन मॉडेल दाखवले, एकावर वॅट जास्त लिहिलेत, एकावर एअरवॅट, एकावर नुसतं सुपर सक्शन. नेमकं काय बघून घ्यायचं? घर दोन मजली आहे, बाजूलाच शेत. (वाचक, परभणी)

वॅट म्हणजे मशीन किती वीज खाते, ती किती ओढते ते त्यातून कळत नाही. ओढण्याचे दोन भाग आहेत, हवा किती वाहते ते सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट असं, सांगतात आणि जोर किती आहे ते पाणी किती इंच उचललं जातं त्यावरून. दोन्हीचा गुणाकार करून 8.5 नं भागलं की एअरवॅट. तर एकाच मापाच्या भोकावर मोजलेले तिन्ही आकडे डीलरला मागा, एकीकडचा जास्तीत जास्त प्रवाह आणि दुसरीकडची जास्तीत जास्त उचल असे वेगवेगळ्या परिस्थितीतले आकडे घेऊन गुणाकार दाखवत असतील तर तो आकडा फुगवलेला आहे. तुमच्यासारख्या दोन मजली घराला 500 ते 600 एअरवॅट म्हणजे पुष्कळ झालं. आपल्याकडं कार्पेट नाही, फरशीवरून धूळ उचलायची असते, म्हणून दोन मॉडेल सारखेच असतील तर ज्याचा हवेचा प्रवाह जास्त ते घ्या असं माझं मत आहे.

त्याहून महत्त्वाचं मला वाटतं ते मोटर आणि फिल्टर. मोटर दोन प्रकारच्या येतात. एकीत ओढलेलीच हवा मोटरीवरून जाऊन तिला थंड करते, ती स्वस्त असते, पण फिल्टर चोंदला की हवा कमी आणि मोटर तापली. दुसरीला थंड करायला वेगळा पंखा आणि वेगळी हवा असते, तिला बायपास म्हणतात. शेताच्या कडेला राहणाऱ्या माणसानं बायपासच घ्यावी, पैसे थोडे जास्त गेले तरी. मोटरीतले घासून झिजणारे कार्बन ब्रश बदलता येतात का आणि ते कुठं मिळतात हे बिल करायच्या आधी विचारा.

फिल्टरमध्ये घड्या घातलेलं कार्ट्रिज आपल्या काळ्या मातीच्या धुळीनं लवकर बसतं, घडीतली माती झटकून निघत नाही. उलट्या पिशवीसारखं कापड असतं, मशीन चालू झाली की वर ओढलं जातं आणि बंद केली की खाली पडून स्वतःच झटकलं जातं, ते आपल्याला बरं. कागदी बॅगवाली मशीन रिकामी करताना सगळ्यात कमी धूळ उडते हे खरं आहे, घरात दमेकरी असेल तर तीच चांगली, पण बॅगा तुमच्या गावात नाहीतर निदान संभाजीनगरला कायम मिळतात याची खात्री पाहिजे. बॅगा संपल्या म्हणून मशीन पडून आहे असं मी बघितलंय.

प्रश्न: मुलगा अमेरिकेत असतो, तिकडं ही मशीन सेलमध्ये फार स्वस्त मिळते म्हणतो, दिवाळीला येताना आणू का असं विचारायलाय. (वाचक, नांदेड)

काका, मशीन आणू नका म्हणा. तिकडची मशीन 120 व्होल्टची असते, आपल्या 230 ला जोडली की जळते, आणि ट्रान्सफॉर्मर लावायचा तर एवढ्या मोटरीला दोन हजार व्हीएच्या वरचा लागतो, तो पण लोखंडाचा एक गोळाच, सेलचा फायदा तिथंच गेला. तिकडून काही आणायचंच तर फरशीचा मऊ केसांचा ब्रश आणि फटीत घालायची चपटी टोकं आणू द्या, पण आपल्या नळीचं माप कळवून.

अजून एक गोष्ट, तिकडच्या पाईपाचं बाहेरचं माप 50.8 मिलिमीटर असतं आणि आपल्याकडचा 50 चा पाईप हा बरोबर 50. दिसायला सारखेच पण सांध्यात पाऊण मिलिमीटरची फट राहते, सोल्युशननं ती भरल्यासारखी वाटते आणि पुढं हवा गळायला लागते. पाईप, फिटिंग, तोंडं, सगळं एकाच सेटचं घ्या.

प्रश्न: मशीन गच्चीवर जिन्याच्या टोपीत बसवायची आहे, खाली पार्किंगमध्ये जागा आहे पण तिथं दुचाक्या लावतो. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर चालेल का? बिल किती येईल? (वाचक, बीड)

गच्चीवर नको. मे महिन्यात बीडला पारा 42 च्या वर जातो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या टोपीत त्याहून जास्त, मोटरीला आधीच गरम हवा मिळाली तर ती तापून कटऑफ होत राहील. शिवाय डबा रिकामा करायला धूळ भरलेलं ओझं घेऊन जिना उतरायचा, ते रोजच्यानं होत नाही आणि मग डबा भरून वाहतो. दुचाकी हातभर सरकवा आणि जिन्याखाली सावलीत, भिंतीला छातीच्या उंचीवर बसवा. हवा बाहेर सोडायचा पाईप शेजाऱ्याच्या खिडकीसमोर काढू नका, आणि पेट्रोलची कॅन मशीनजवळ ठेवू नका, मोटरीच्या ब्रशला ठिणगी असते.

इन्व्हर्टरवर चालणार नाही. मोटर साधारण 1500 वॅटची धरा, आपल्या घरातले इन्व्हर्टर पंखे-लाईटपुरते असतात. 1500 वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, तिला वेगळी लाईन, 16 अँपिअरचा वेगळा एमसीबी आणि खरं अर्थिंग द्या. खोलीतल्या तोंडांपर्यंत जी वायर जाते ती 24 व्होल्टची असते, नळी लावली की मशीन चालू व्हावी एवढ्यापुरती, तिची भीती नाही. बिलाचं म्हणाल तर रोज 20 मिनिटं वापरली तर अर्धा युनिट, महिन्याचे 15 युनिट.

प्रश्न: आमचा जुना दगडी वाडा आहे, माळवदाचा. वरून सारखी माती गळते, रोज दोनदा झाडावं लागतं. आम्हाला चालेल का? (वाचक भगिनी, धाराशिव जिल्हा)

माय, तुमचा त्रास मला कळतो, माझं बालपण माळवदाखाली गेलंय, जेवताना ताटावर माती पडू नये म्हणून आजी वर जुनं लुगडं बांधायची. पण तुमच्या घराला हे बसवू नका. दगड मातीत रचलेल्या भिंतीला झिरी मारायची म्हणजे सांधाच मोकळा करायचा, आणि वर माळवदाचं एवढं वजन. 1993 च्या भूकंपात माणसं जास्त करून अशाच भिंती आणि छताखाली सापडून गेली. तुम्ही आधी इंजिनियरकडून भिंती आणि तुळया तपासून घ्या, मग छताच्या खालून कापड किंवा हलकं सीलिंग लावता येतं का ते विचारा, माती वरच अडली तर निम्मं झाडणं कमी होईल. आणि झाडायला चाकाचा, मोठ्या ड्रमचा साधा व्हॅक्यूम घ्या, नळी लांब घ्या म्हणजे ड्रम ढाळजेत ठेवून आतलं झाडता येईल आणि त्याची हवा बाहेरच राहील.

प्रश्न: टू बीएचके फ्लॅट, 800 स्क्वेअर फूट, राहायला आलोय. बसवू का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

नको. तयार भिंती फोडाव्या लागतील आणि एवढ्या घराला चांगला हेपा फिल्टरचा साधा व्हॅक्यूम भरपूर झाला. हेपा लिहिलंय म्हणून घेऊ नका, 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो असं लिहिलेलं आहे का ते बघून घ्या.

प्रश्न: तीन वर्षं झाली बसवून, आता ओढच राहिली नाही. कंपनीचा माणूस पुण्याहून यायचा म्हणतो आणि येत नाही. घरच्या घरी काही बघता येईल का? (वाचक, जालना)

बघता येईल, बहुतेक वेळा मोटर चांगलीच असते. आधी सगळी तोंडं एकेक करून तपासा. एकाच तोंडाला ओढ कमी असेल तर त्याच फाट्यात काहीतरी अडकलंय. सगळीकडंच कमी असेल तर डबा, फिल्टर, नाहीतर हवा गळतेय. डबा रिकामा करा, फिल्टर अंगणात नेऊन झटका, डब्याच्या कडेचं रबर बोटानं चाचपून बघा, ते वाळून कडक झालं की तिथूनच हवा घेते. मग नळी काढून फक्त मशीनच्या तोंडाशी हात लावा, तिथं जोरात ओढत असेल तर दोष पाईपात किंवा नळीत.

अडकलेलं काढायला नळीच्या टोकाला तळहात दाबून धरायचा, दोन-तीन सेकंदांनी झटकन सोडायचा, असं वीसेक वेळा. झटक्यानं गोळा हलतो. नाही हलला तर साधा व्हॅक्यूम शेजाऱ्याकडून मागून आणा आणि भिंतीतल्या तोंडाला उलटा लावून ओढा, सेंट्रल बंद ठेवून. तार घालू नका, पाईप आतून खरवडला जातो आणि पुढं तिथंच केस धरतात.

तुमच्याकडं पावसाळ्यात ओली फरशी ओढली होती का ते घरात विचारून बघा. काळी माती भिजली की फुगते आणि चिकटते, पाईपात वाळली की विटेसारखी होते. पाण्यासाठी वेगळा ओला डबा जोडलेला नसेल तर पाणी, ओला केर, विस्तव असलेली उदाची राख यातलं काहीच ओढायचं नाही. नवीन घरात पीओपी आणि सिमेंटची धूळ ह्या मशीननं साफ करत असतील तर ते पण बंद करा, ती धूळ मोटरीत जाऊन बसते.

आणि बाहेरचं तोंड बघा, जिथून हवा सुटते ते. तिथं पडदी किंवा जाळी नसेल तर कुंभारमाशी मातीचं घर करते, चिमणी काड्या भरते, पाल जाऊन बसते. माझ्याकडं आलेल्या अशा तक्रारींत दोनदा तेच निघालंय. जाळी मोठ्या भोकाची लावा, बारीक लावली तर तीच चोंदते.